एरिक फ्रेन्झेल उडीवाला का पळणारा? आन् सगळे एकाच वक्ती काहून सुटत नाही?

धुऱ्यावरून:
राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, पोलीस भरतीवाल्या पोरायले पहाटे रोडवर पळवतो. बर्फ म्हणजे आमच्याकडे रसवंतीवरची पोत्यात गुंडाळलेली लादी, तेवढाच. परवा रात्री हरभऱ्याले पाणी देत होतो, लाईन गेली म्हणून मोटरीपाशी बसून मोबाईलवर २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकचा व्हिडिओ पायला. जर्मनीचा एरिक फ्रेन्झेल. पायात स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, घालून आधी उडी मारली, मंग हातात काठ्या घेऊन पळाले, पन एक सुटला, थोड्या वेळानं दुसरा, मंग तिसरा. हा बुवा पाचवा सुटला आन् गोल्ड घेऊन गेला! काय भानगड आहे बाप्पा ही, कोनी समजावून सांगा.

लाईन_गेली:
नॉर्डिक कम्बाइन्ड म्हनते त्याले भाऊ. आधी स्की जंप, त्यात किती लांब गेला, कसा उतरला, वारा कसा होता असं सगळं धरून पॉइंट. मंग त्या पॉइंटचे सेकंद करते, १० किलोमीटरच्या रेसले १५ पॉइंट म्हणजे १ मिनिट, म्हणजे एका पॉइंटले ४ सेकंद. तुम्ही उडीत पहिल्यापेक्षा १० पॉइंट मागं असान तं तो सुटल्यावर ४० सेकंद उभे राहा गेटवर, अन मंग पळा. जो आधी लाईन पार करन तो जिंकला. गुंडरसन पद्धत म्हनते याले. आपल्या भरतीत १६०० मीटरचे २० मार्क, १०० मीटरचे १५, गोळ्याचे १५, अन मंग लिस्ट लागेपर्यंत जीव टांगणीले. तिथं लिस्ट रस्त्यावरच लागते.

अमरावतीकर७७:
उडीवाला की पळणारा याचं उत्तर त्याच्या दोन गोल्डमध्येच आहे. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये तो उडीत पहिला होता, जपानचा अकितो वाताबे ६ सेकंद मागून सुटला, दोघं जवळपास सगळी रेस सोबत पळाले आणि शेवटी फ्रेन्झेल पुढं निसटला. चार वर्षांनी प्योंगचांगला मागून येऊन जिंकला, आणि सिल्व्हर परत वाताबेलाच, मला तर त्या माणसाचंच जास्त वाईट वाटतं. मेख अशी की उडीला अंग हलकं पाहिजे आणि १० किलोमीटरला मांड्यांत दम पाहिजे, एक वाढवलं की दुसरं बिघडतं. हे त्यानं वर्षानुवर्षं सांभाळलं. २०१२-१३ ते २०१६-१७ सलग पाच वेळा वर्ल्ड कपचा, म्हणजे हिवाळाभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेचा, एकूण विजेता, सलग पाच आधी कोणालाच जमलं नव्हतं. ऑलिंपिकची तीन गोल्ड, त्यातलं एक टीमचं.

पांढरंसोनं:
तीन गोल्ड तं वेलिंगचेबी आहे ना, उलरिश वेलिंग, पूर्व जर्मनीचा. १९७२, ७६ अन ८०, तिन्ही एकट्याचे. फ्रेन्झेल भारीच आहे, पन त्याले लगेच सगळ्यात मोठा म्हनू नका.

अमरावतीकर७७:
@पांढरंसोनं मी कुठं म्हटलं सगळ्यात मोठा? पण २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकला कोविड निघाला, खोलीत कोंडून पडला, बाहेर आला आणि टीमसोबत सिल्व्हर घेतलं, हे धरा की. २०२३ ला थांबला, आणि मग जर्मनीचाच कोच झाला.

डाकवाला:
विषय निघालाच आहे तं आमच्या खात्याचा मानूस सांगतो. गेऑर्ग थोमा, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधला पोस्टमन. बर्फात स्कीवरून शेतावरच्या घरोघरी टपाल टाके. १९६० ले ह्याच खेळात ऑलिंपिक गोल्ड, त्याच्या आधी हे गोल्ड नॉर्वे-फिनलंडवाल्यायच्या बाहेर गेलंच नव्हतं. मी श्रावणात काळ्या मातीतून सायकल खांद्यावर घेऊन टपाल वाटतो, मले अजून कोनी मेडल देल्लं नाही 😄

धुऱ्यावरून:
समजलं आता, धन्यवाद सगळ्यायले. आज पोरायवर करून पायलं. शाळेच्या खड्ड्यात लांब उडी घेतली, दर १० सेंटिमीटरले २ सेकंद धरले आन् तसे रोडवर सोडले. उडीत सगळ्यात मागं असलेला २६ सेकंदानं सुटला, वळणावर तिसरा होता. पुढं बकऱ्यायचा कळप आडवा आला आन् पहिले दोघं त्यात फसले. आता दोन गट पडले, बकऱ्या वाऱ्यात धरायच्या का नाही म्हणून. उद्या पुन्हा घेतो.