इंग्लंडच्या केअर होममध्ये ऑनलाइन ट्रेनिंगवर भागतं का?

हॉइस्टवाला
नवीन केअररला (वृद्ध-आजारी रहिवाशांची काळजी घेणाऱ्या मदतनिसाला) पहिल्या आठवड्यात लॅपटॉपसमोर बसवून एकामागून एक मॉड्यूल (ऑनलाइन धडे) उरकून घेतात, की ट्रेनिंगचा तक्ता हिरवागार, म्हणजे कागदावर सगळं पूर्ण. माझं मत: मॉड्यूल निम्मी करा आणि तो वेळ पाळीवर काम पाहणाऱ्या अनुभवी माणसाला द्या.

हॉइस्टचंच घ्या, म्हणजे स्वतः उठू न शकणाऱ्याला उचलायचं यंत्र. स्लिंग (माणसाला धरणारी झोळी) मोठी झाली तर माणूस खालून घसरतो, लहान झाली तर मांड्यांना काचते. झोळीच्या पट्ट्यांचे डाव्या-उजव्या बाजूचे लूप वेगवेगळ्या लांबीवर अडकवले तर उचलताना तो एकीकडे कलतो. चाकांना ब्रेक लावून उचलणं तर सर्रास चालतं. बहुतेक मोबाइल हॉइस्टमध्ये उचलताना ब्रेक मोकळे हवेत, म्हणजे यंत्र आपोआप वजनाखाली सरकतं. पट्टे ताणले गेले की थांबून सगळे लूप पुन्हा पाहायचे असतात. तो थांबा कोण घेतं नि कोण नाही, हे प्रश्नमंजुषेत कसं कळणार?

फाइल_अपटुडेट
असहमत. मदतनिसांचं ट्रेनिंग जागोजागी वेगळं आहे, हे २०१३ च्या कॅव्हेंडिश अहवालात निघालं, म्हणून तर एप्रिल २०१५ मध्ये केअर सर्टिफिकेट (नव्या मदतनिसांच्या पायाभूत ट्रेनिंगचं समान मानक) आलं. ‘बघून शिक’ म्हटलं की नवा माणूस जुन्याच्या खोडीही उचलतो. काखेत हात घालून ओढून उठवणं अजून का चालू आहे? अनुभवी लोकच ते शिकवतात. शिवाय रात्रपाळी करणाऱ्याला दुपारी वर्गात बोलावलं तर त्याची झोप जाते.

हॉइस्टवाला
केअर सर्टिफिकेटचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं! त्यात प्रत्यक्ष काम पाहून मूल्यमापन करायचं असतं. नुसती मॉड्यूल संपली म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या जागा अर्धंच काम करतात.

रोटा_जुळवणारी
दोघंही माणसं मुबलक आहेत असं धरून बोलताय. खरी गोची शॅडो शिफ्टची (नव्या माणसाने सीनिअरसोबत राहून शिकायच्या पाळीची) आहे. नवा माणूस दुसऱ्याच दिवशी रोट्यात (पाळ्यांच्या वेळापत्रकात) पूर्ण माणूस म्हणून मोजला जातो. मग सीनिअर शिकवणार कधी? शॅडोचं नाव संख्येच्या बाहेर ठेवता येत नसेल तर बाकी वाद फुकट.

सुपरव्हिजनचंही (वरिष्ठाने कामाबद्दल निवांत बसून बोलायचं) तेच. केअर सेवांसाठीच्या २०१४ च्या नियमांतला १८ वा नियम आधार, ट्रेनिंग, सुपरव्हिजन, अप्रेझल (कामाचा आढावा) हे सगळं मागतो, पण किती वेळा ते सांगत नाही. मग औषधांच्या ट्रॉलीशेजारी उभ्याउभ्या फॉर्मवर सही होते. त्यापेक्षा एकदा सकाळची आंघोळ किंवा जेवण भरवणं शेजारी उभं राहून पाहावं, आणि त्याच आठवड्यात दार लावून बोलावं. नोंद तीन ओळींची पुरे: काय दिसलं, काय बदलायचं, कोण कधीपर्यंत करणार. आजारपणाच्या रजांची तंबी त्याच बैठकीत नको, नाहीतर पुढच्या वेळी कुणी चूक कबूल करत नाही. औषधाची चूक झाली की लगेच मॉड्यूल पुन्हा करायला लावतात. औषधं द्यायच्या राउंडमध्ये फोन आणि घंटी किती वेळा वाजली हे आधी पाहा.

फाइल_अपटुडेट
शॅडोबद्दल +१. पण अनुभवावर आंधळा भरवसा नकोच. गिळायला त्रास असलेल्यांच्या पेयांना २०१९ पासून आयडीडीएसआयच्या (घट्टपणा मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या) ० ते ४ पातळ्या आहेत. जुनी मंडळी अजून ‘कस्टर्डसारखं’ म्हणतात. थिकनरचा (पेय घट्ट करायच्या पावडरीचा) डबा बदलला की मोजायचा चमचा आणि प्रमाणही बदलू शकतं, तरी हात सवयीनेच चालतो. इथे नवं मॉड्यूल केलेला पोरगाच बरोबर असतो.

हॉइस्टवाला
थिकनरचं पटलं. मग शिकवणाऱ्या सीनिअरचंही काम दरवर्षी कुणीतरी पाहावं, शक्यतो दुसऱ्या युनिटच्या माणसाने. मॉड्यूल वाढवायला मात्र माझा विरोधच.

रोटा_जुळवणारी
आणि ती मॉड्यूल घरी, फोनवर, सुटीच्या दिवशी करायला लावू नका. सक्तीच्या ट्रेनिंगचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात कामाचाच धरला जातो. होमकेअरमध्ये एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळही तसाच. पगारपत्रकात हे तास दिसत नसतील तर आधी तिथून सुरुवात करा.