व्हिडिओ पाठवून लकव्याचा दुसरा झटका थांबतो का?

काही जण म्हणतात की लकवा येऊन गेलेल्यांना मोबाईलवर माहितीचे व्हिडिओ पाठवले की काम झालं. मला अर्धंच पटलं. स्प्रिंट इंडिया नावाचा अभ्यास नेमका यावरच होता, ३१ सेंटर, ४२९८ पेशंट, १२ भाषांत मेसेज, व्हिडिओ, पुस्तिका, सगळं करून बघितलं, २०२३ ला निकाल छापून आला आणि वर्षभरात पुन्हा झटका यायचं प्रमाण काही कमी झालं नाही. गोळ्या वेळेवर घेणं, विडी-सिगारेट, दारू सोडणं यात मात्र फरक पडला, ते पण कमी नाही म्हणा.

पण आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडं बघा की. ॲडमिट मिरजेत, घरी आलं, हात हलायला लागला की "आता कशाला गोळ्या", बीपी काय दुखत नाही त्यामुळं तीच गोळी आधी बंद. त्यात ऊसतोडीला गेलं की चार-पाच महिने तपासणीच नाही. जतच्या पूर्व भागात कितीतरी घरात कन्नड बोलतात, त्यांना मराठी व्हिडिओ काय कामाचा? आणि मिश्री! बाप्यांना तंबाखू विचारतात, बायकांना कोण विचारतंय?

माझं मत, तोडीला निघायच्या आधी सरकारी दवाखान्यातनं दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आशाताईंकडं बीपीचं मशीन द्या आणि घरातल्या एकाला तरी नीट समजावून सांगा. परत तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली तर मालिश करत बसू नका, लगेच १०८ लावा, गुठळी विरघळायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात.