यान लिपाओ टिकवायची तर महागड्या पर्सच का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

नेचेवेल: दक्षिण थायलंडमधल्या नाखोन सी थम्मरातची यान लिपाओ म्हणजे नेच्याच्या वेलीच्या सालीची वीण. (त्याच कुळातली वेल आपल्या कोकणातही झुडपांवर चढते, कुणी ढुंकून बघत नाही.) १९७६ मध्ये राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने सपोर्ट फाउंडेशन निघालं, कारागिरांना शिक्षण नि गिऱ्हाईक मिळालं, हे मान्य. पण काम अडकलं ते सोन्याचांदीच्या कडीच्या पर्सवर. एकेकीला महिने लागतात. शिकाऊ मुलींनी तोवर खायचं काय? सालीची पट्टी जाड ठेवा, ट्रे-टोपल्या करा, पैसा फिरू द्या.

बारीककाम: जाड पट्टीने वेळ वाचतो, हा हिशेब कागदावरचा. वेल चिरून गाभा काढला की सालीची पट्टी पत्र्याच्या झाकणाला पाडलेल्या भोकांतून ओढतात. आधी मोठं भोक, मग लहान, मग त्याहून लहान. भोकाची धार कडा तासत जाते. घाईने मधलं भोक गाळलं तर पट्टी तुटते. जाडच सोडली तर आतल्या बांबूच्या काडीभोवती वळताना तडकते, विणीत फटी राहतात. असला ट्रे घेणार कोण? साध्या टोपलीचं गिऱ्हाईक केव्हाच प्लास्टिककडे गेलंय.

नेचेवेल: मग तिथल्याच दक्षिणेत थाले नोईच्या तळ्याकाठी क्राचूटच्या पिशव्या कशा खपतात? तेही साधंच काम.

बारीककाम: क्राचूट हे लव्हाळं. पांढऱ्या मातीच्या पाण्यात बुचकळायचं, उन्हात वाळवायचं, दाबून चपटं केलं की विणायला घ्यायचं. लिपाओत विणायला बसण्याआधीच निम्मा जीव जातो. तुलना जमत नाही.

कामटी: दोघंही विणीवरच भांडताय. वेल ताजी असतानाच सोलावी लागते. वाळली की साल नीट सुटत नाही. म्हणजे तोडणारा आणि सोलणारा जवळजवळ हवेत. आतली बांबूची काडी अर्धवट वाळलेली घातली तर ती पुढे आकसते नि वीण सैल पडते. हा दोष पर्स विकल्यावर दिसतो, बोल मात्र विणणारीला. पट्टी ओढणाऱ्याला जुडीमागे रोख दाम द्या, शिकाऊ मुलींची सुरुवात तिथूनच होऊ दे.

नेचेवेल: जुडीचे पैसे पर्स विकली जाण्याआधी कोण मोजणार, तेवढं सांगा.

कामटी: जो पर्सची ऑर्डर देतो, तो. आगाऊ.

बारीककाम: हे चालेल. पण मग पर्स आणखी महागच होणार, हे नेचेवेल यांनी लिहून ठेवावं.