मदत हवी आहे: रूट ६६, आम्ही दोघं आणि भाड्याची गाडी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये मी आणि बायको शिकागोहून सॅन्टा मोनिकाला रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गाने निघतोय. जुना रस्ता जवळपास २४०० मैलांचा, आठ राज्यांतला. हातात १५ दिवस. १९८५ मध्ये हा मार्ग महामार्गांच्या अधिकृत यादीतून काढला, त्यामुळे नकाशाचं ॲप सारखं इंटरस्टेटवर, म्हणजे नव्या मोठ्या महामार्गावर ढकलतं. सराव म्हणून परवा वाटेवरच्या पॉन्टियाक गावापर्यंत जाऊन आलो, तर तेवढ्यात तीनदा चुकलो. बायकोच्या मांडीवर कागदी नकाशा, त्यावर चहाचा डाग, आणि "अरे, जुन्या रस्त्याची तपकिरी पाटी मागे गेली!"

खरी अडचण ॲरिझोनात आहे. किंगमनहून ओटमन या छोट्या गावाला जाताना सिटग्रीव्हज खिंडीचा घाट लागतो. अरुंद, वळणावळणाचा, बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. घाट आम्हाला नवा नाही, वरंधा कितीदा उतरलोय. पण तेव्हा गाडी आपली होती. भाड्याची सेडान तिथे न्यावी का? कोणी नेली आहे? ओटमनमध्ये खाणकामगारांच्या गाढवांचे वंशज भर रस्त्यात फिरतात, ते बघायचा हट्ट माझा नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

दुसरं म्हणजे खाणं. बायको अंडंही खात नाही. ओक्लाहोमा आणि टेक्ससमधल्या अमॅरिलोच्या पट्ट्यात तुम्ही काय खाल्लंत? छोटा कुकर आणि मुगाची डाळ घेतोय, पण १५ दिवस खिचडी म्हणजे घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटेल.

आणि गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे जादा पैसे कोणाला कमी करून मिळाले असतील तर तेही सांगा.