एक वर्ग, अठरा अपेक्षा: योगवर्गाची आखणी कशी करावी?

प्रश्न : पहाटवर्ग
नमस्कार. कोथरूडमधील एका सोसायटीच्या सभागृहात मी गेली तीन वर्षे सकाळी ६ ते ७ योगवर्ग घेते. सध्या अठरा जण येतात आणि प्रत्येकाला काही वेगळेच हवे असते. दोघा तरुणांना रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार पूर्ण करायचे आहेत. चार-पाच आजींना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणेच अवघड जाते. एका काकांना केवळ ध्यान हवे असून आसने म्हणजे त्यांच्या मते निव्वळ कवायत. गेल्या महिन्यात तर एका ताईंनी शवासन चालू असतानाच सतरंजी गुंडाळली आणि ‘झोपायचे तर घरीच झोपेन’ असे म्हणून त्या निघून गेल्या. सर्वांना थोडेथोडे द्यावे, तर कोणाचेच समाधान होत नाही. आपण काय करता?

प्रतिसाद : दोर आणि ठोकळा
ताई, मी अय्यंगार पद्धतीत शिकलो. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर आणि खुर्ची यांचा वापर रूढ केला, त्यामागचा विचार आपल्या अडचणीला थेट लागू पडतो. अधोमुख श्वानासन (हात-पाय टेकून कंबर वर उचलण्याचे आसन) तरुणांनी जमिनीवर करावे आणि त्याच वेळी आजींनी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून तेच करावे. सूचना बहुतांशी एकच राहतात, त्यामुळे आपल्याला दोन वर्ग चालवावे लागत नाहीत. मात्र उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, गर्भारपण यांची नोंद पहिल्याच दिवशी लेखी घ्यावी. तेथे कोणाला काय आवडते, हा प्रश्नच येत नाही.

प्रतिसाद : मागच्या रांगेतला
मी शिक्षक नाही, विद्यार्थी आहे. वजन उतरवायचे म्हणून एका वर्गाला जाऊ लागलो, तर ‘योग त्यासाठी नसतो’ असे सर्वांसमोर ऐकावे लागले आणि आठवड्याभरात मी जाणे सोडले. त्याऐवजी ‘तासभर संथ आसने केल्याने वजन फारसे उतरणार नाही, त्यासाठी चालणे आणि जेवण यांकडे पाहा, इथे तुमची पाठ आणि श्वास सुधारेल’ असे कोणी एकट्याला बाजूला घेऊन सांगितले असते, तर मी टिकलो असतो.

प्रतिसाद : जुना अभ्यासक
वरील तक्रार रास्त आहे, आणि गंमत अशी की परंपरेचा दाखलाही याच बाजूचा आहे. ‘हठप्रदीपिका’ या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती ही षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांपैकी, एक असून, मेद आणि कफ अधिक असणाऱ्याने आधी षट्कर्मे करावीत, इतरांनी करू नयेत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सरसकट सर्वांकडून तीच क्रिया करून घेण्याची सक्ती ग्रंथाची नाही. ती आपल्या वेळापत्रकाची आहे. ध्यान मागणाऱ्या काकांना मात्र पतंजलींचे ‘स्थिरसुखमासनम्’ (स्थिर आणि सुखकर असते ते आसन) हे सूत्र जरूर सांगावे. योगसूत्रांत आसनाला जेमतेम तीन सूत्रे आहेत, हे खरे. पण वीस मिनिटे पाठ न दुखता बसता येत नसेल, तर ध्यान कशाचे होणार? १०८ नमस्कारांची तयारी मात्र या तासात बसवू नये. त्या दोघांना शनिवारी वेगळे बोलवावे.

पहाटवर्ग
मनःपूर्वक आभार. शनिवारचा उपाय लगेच करता येईल, आणि निघून गेलेल्या ताईंना मी शवासनाचे कारण कधीच सांगितले नव्हते, हेही आता लक्षात आले. एक शंका उरते : सभागृहातील खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत आणि फरशी गुळगुळीत आहे.

दोर आणि ठोकळा
त्या वापरू नका, घसरतील. घडीच्या लोखंडी खुर्च्या घ्या, त्यांच्या पायांखाली रबरी चटई अंथरा आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. पाच जणींसाठी तीन पुरतील, कारण आजी आळीपाळीने करतात आणि मधल्या वेळात गप्पा मारतात. तेवढे चालवून घ्यावे.