मदत हवी आहे: गारव्याने चढलेलं कॅल्शियम टीआरपीएम८ या वाहिनीमधूनच आलं, हे कसं सिद्ध करायचं?

नमस्कार मंडळी. इथे पॅच-क्लॅम्प (पेशीपटलातून जाणारा विद्युतप्रवाह मोजणं) किंवा कॅल्शियम इमेजिंग (पेशीतलं कॅल्शियम चमकणाऱ्या डायने पाहणं) करणारं कोणी असेल तर कृपया वाचा.

मी माणसाच्या कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरावर, म्हणजे एंडोथेलियमवर काम करते. या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसून तो पारदर्शक ठेवतात आणि मेल्या तर माणसात त्यांची जागा नव्या पेशी घेत नाहीत. दान आलेले कॉर्निया आपल्याकडच्या नेत्रपेढ्या बहुतेक वेळा २ ते ८ अंशांवर ठेवतात. एम-के या साठवणीच्या द्रावणात ते साधारण ४ दिवस टिकतात. त्या थंडीत या पेशींच्या आत कॅल्शियमचं काय होतं, हे मला शोधायचं आहे. कोणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या घटकेला दिलेला डोळा असतो तो, त्यातली एकेक पेशी मोलाची वाटते.

या पेशींत तापमान ओळखणाऱ्या टीआरपी वाहिन्या (कॅल्शियम आत सोडणारी पेशीपटलातली दारं) आहेत, हे बर्लिनच्या शारिटेमधल्या गटाने दाखवलेलं आहे. टीआरपीव्ही१ साधारण ४३ अंशांच्या वर उघडते आणि मिरचीतल्या कॅप्सायसिननेही. टीआरपीएम८ साधारण २५-२८ अंशांखाली उघडते आणि मेंथॉलनेही. मला ही दुसरी हवी आहे.

आता अडचण. फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा चमकणारा डाय भरलेल्या पेशींवर गार द्रावण सोडलं की ३४०/३८० चा रेशो (३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशातल्या चमकेचं गुणोत्तर, म्हणजेच कॅल्शियमचं माप) छान चढतो. एएमटीबी हा टीआरपीएम८ चा ब्लॉकर दिला तर चढ कमी होतो, पण बराचसा उरतोच. मग साध्या एचईके पेशी (माणसाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) घेतल्या, ज्यांत टीआरपीएम८ घातलेलं नाही. त्यांतही गार केल्यावर रेशो थोडा वर जातो.

मला दोन संशय आहेत. एक, डायच. १९८५ च्या मूळ निबंधात फ्युरा-२ चा केडी (हा आकडा जितका लहान, तितकी कॅल्शियमवरची पकड घट्ट) २० अंशांना १३५ आणि ३७ अंशांना २२४ नॅनोमोलर दिला आहे. मॅग्नेशियम दोन्हीकडे सारखं नव्हतं, त्यामुळे सगळा फरक तापमानाच्या माथी मारता येत नाही. तरी गार झाल्यावर डाय कॅल्शियम जास्त घट्ट धरत असेल, तर कॅल्शियम तेवढंच असूनही रेशो वाढेल. दुसरा संशय पंपांचा. थंडीत सर्का (कॅल्शियम पेशीतल्या साठ्यात परत भरणारा पंप) आणि पेशीपटलावरचे कॅल्शियम पंप मंदावतात. आत झिरपणारं कॅल्शियम तेवढंच राहिलं तरी ते बाहेर टाकलं जात नाही. म्हणून बाहेरचं कॅल्शियम काढून उरलंसुरलं बांधून ठेवणारं ईजीटीए घातल्यावर चढ नाहीसा झाला, तरी त्यावरून वाहिनी उघडली असं म्हणता येत नाही. आमच्याकडे बरेच जण हाच कंट्रोल पुरेसा मानतात. मला तो पटत नाही.

बीसीटीसी हा दुसरा ब्लॉकर वापर असा सल्ला मिळाला, पण तो टीआरपीव्ही१ लाही अडवतो आणि माझ्या पेशींत ती आहेच.

म्हणून मँगनीज क्वेंचिंगचा विचार करते आहे. ३६० नॅनोमीटरला फ्युरा-२ कॅल्शियमकडे दुर्लक्ष करतो, आत शिरलेलं मँगनीज त्याची चमक विझवतं आणि ती किती वेगाने विझते त्यावरून फक्त आत येणारा ओघ मोजता येतो. पंपांचा प्रश्नच मिटतो. हे कोणी ३४ वरून १८-२० अंशांपर्यंत उतरताना केलं आहे का? तापमानामुळे डायची चमक मुळातच बदलते, ती दुरुस्ती कशी केलीत?

बेसलाईनबद्दलही विचारायचं आहे. एसी २२ अंशांवर असलेल्या खोलीत प्रयोग सुरू केला तर टीआरपीएम८ आधीच अर्धवट उघडी असणार आणि कॅल्शियममुळे ती मंदही झालेली असणार. डोळ्याचा पृष्ठभाग ३४ च्या आसपास असतो, म्हणून मी तिथून सुरुवात करते. पण कॉर्नियातले थंडी ओळखणारे मज्जातंतू ३४ लाही सतत संदेश देत असतात, म्हणजे पुस्तकातला २५-२८ चा उंबरठा प्रत्येक पेशीला लागू नाही. पटलावरच्या व्होल्टेजनुसार तो सरकतो. एंडोथेलियमच्या पेशींत तो कुठे आहे हे पॅच-क्लॅम्पने कोणी मोजलं असेल, तर कुठलं व्होल्टेज धरलंत आणि बाथचं तापमान पेशीच्या किती जवळ मोजलंत, तेवढं नक्की लिहा.