नाइट ड्यूटीला टिकणाऱ्या सिस्टर कशा निवडायच्या?

जुळेसोलापूरकर: आमचं २० खाटांचं नर्सिंग होम आहे. मुलाखतीत सगळ्या छान बोलतात, पगार हातात पडला की पुण्याची वाट धरतात. निवडताना नेमकं काय बघावं?

निवृत्त मेट्रन: बोलण्यावर जाऊ नका ओ, काम करून दाखवायला सांगा. मी एकच गणित घालायचे. व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या कुपीत, ५०० मिलिग्रॅम, विरघळवून एकूण ५ मिली केलं, डॉक्टरांनी २५० लिहिलंय. सिरिंजमध्ये किती ओढशील? २.५ मिली म्हणायला जी अडखळते, तिला आयसीयूत पाठवायची नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की एएनएम (सहायक नर्सचा छोटा कोर्स) ते बघा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का तेही. झेरॉक्स नको, मूळ कागद. आणि आपल्याकडं सोलापुरात अशोक चौकातल्या आजी तेलुगूत कण्हतात, अक्कलकोटचे आजोबा कन्नडमध्ये. ते कळणारी एक तरी प्रत्येक पाळीत हवीच.

मोहोळची सिस्टर: आमची बाजू ऐका. मुलाखतीत "कधीमधी नाइट" म्हणतात, रुजू झालं की सलग पंधरा. दुपारच्या पाळीला रात्री उशिरा सुटल्यावर मोहोळ गाठायचं कसं, हे कुणी विचारतं का? पाळ्या आणि पगार आधीच लेखी द्या.

जुळेसोलापूरकर: राहायला खोली दिली तर?

मोहोळची सिस्टर: चालेल की. पण दाराला आतून कडी हवी.